घरातल्या रोपांसाठी एलईडीचे दिवे

मालवणच्या किनाऱ्यावर ‘एलईडी’ हा शब्द जरा जपूनच उच्चारावा लागतो. बंदरावर तो निघाला की पारंपरिक मच्छिमाराच्या कपाळाला आठी पडते, आणि ती रास्त आहे. भर समुद्रात प्रखर दिवे पेटवावयाचे, उजेडाकडे धावून आलेले मासे एका दमात जाळ्यात उचलावयाचे आणि रापणीचा दोर ओढणाऱ्यांच्या वाट्यास रिकामे पाणी ठेवावयाचे, हा धंदा ह्या जिल्ह्याने डोळ्यांनी पाहिला आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये अशा मासेमारीस बंदी केली, २०२१ मध्ये राज्याच्या कायद्यातील दंड वाढले, आणि त्यानंतरही ह्या प्रश्नावर किनाऱ्यावर आंदोलने झाली. त्यामुळे आम्ही व्याख्यानमालेच्या चिटणिसांना ‘एलईडीचे दिवे’ असा विषय कळविला, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा, की बोलणार ते बाजूने की विरुद्ध?

आम्ही बोलणार आहोत ते रोपांविषयी. हा दिवा समुद्रात माशांना फसवितो हे खरे. पण मांगराच्या एका कोपऱ्यात, आषाढ-श्रावणाच्या अंधारात, मिरचीचे रोप उभे करण्याचे कामही तोच करतो. आणि ह्या दुसऱ्या कामात रोपे फसत नसली तरी माणसे मात्र फसतात. आम्ही स्वतः फसलो, आणि आमच्याबरोबर बारा बायकांना फसविले, म्हणून हा विषय आम्हांस शिकावा लागला.

झाले ते असे. आमची संघटना काजू कारखान्यांतील बायकांत काम करते. पावसाळ्यात काही छोट्या कारखान्यांतले काम मंदावते, हजेरी तुटते. अशा बारा जणींचा एक बचत गट होता. भातकापणी उरकली की लोक वाफे धरतात, मिरची-वांगी-टोमॅटो लावतात. त्या वेळी ज्याच्याजवळ तयार रोपे, त्याला गिऱ्हाईक. परंतु ती रोपे भाद्रपदात वाढवावी लागतात, आणि तेव्हा आपल्याकडे पावसाची झड लागलेली असते. उघड्यावर पेरावे तर पाऊस झोडपतो. घरात पेरावे तर उजेड नाही. आम्ही कोठेतरी वाचले होते की दिव्यावर रोपे वाढतात. बायकांस सांगितले. एका विक्रेत्याकडून जांभळ्या उजेडाचे चार दिवे आणविले. खोक्यावर ठसठशीत अक्षरांत ‘१००० वॉट’. गटाची दीड वर्षाची शिल्लक त्यात गेली. तीन आठवड्यांनी पाहतो तो रोपे वीतभर उंच, पांढुरकी, मान टाकलेली. एका रात्री दिव्याची पत्र्याची चौकट हलविताना एका बाईस असा झटका बसला की ती भिंतीवर जाऊन आदळली. जीव वाचला, एवढेच. दुसऱ्या दिवशी बायका कचेरीत आल्या. रागावल्या नाहीत, त्याचेच अधिक लागले. त्यांतली वडील बाई एवढेच म्हणाली, “अण्णानू, पैशे गेले मां आमचे?”

आमची शाळा नववीत सुटली. वडील १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबई सोडून गावी आले, तेव्हा घरात पुस्तकांना पैसा नव्हता. पुढे जे शिकलो ते वाचनालयात आणि कारखान्याच्या दारात. तेव्हा आता जे सांगतो ते पंडिताचे नव्हे, ठेच लागलेल्याचे आहे असे समजावे.

प्रथम खोक्यावरचा आकडा. त्याची परीक्षा प्रत्येक घरात होऊ शकते, आणि तिला एक पैसा लागत नाही. तुमच्या विजेच्या मीटरवर एक लाल ठिपका लुकलुकतो. त्याच्याशेजारी एका युनिटास किती लुकलुकी ते छापलेले असते. आमच्या मीटरवर ३२०० आहे. घरातले सारे बंद करा, फक्त तो दिवा लावा आणि घड्याळ लावून एक मिनिट मोजा. हजार वॉटचा दिवा खराच असेल तर मिनिटाला ५३ वेळा लुकलुकले पाहिजे. आम्ही मोजले तेव्हा भरले सहा. सहा गुणिले साठ म्हणजे तासाला ३६०, भागिले ३२००, म्हणजे सुमारे ११० वॉट. मग हजार आले कोठून? दिव्यात शंभर मणी असतात, प्रत्येक मण्याची जात ‘दहा वॉट’ म्हणून विकली जाते, आणि चालविला जातो तो एका वॉटच्या आसपास. शंभर गुणिले दहा, झाले हजार. मुकादम मस्टरवर शंभर माणसे दाखवितो आणि कामावर दहा असतात, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच, की येथे मस्टर तपासावयास सरकारी अधिकारी लागत नाही.

आता दिवा म्हणजे काय ते पाहू. जुन्या गोळ्यात तार तापून लाल-पांढरी होई. नऊ हिस्से वीज उष्णतेत जाई. एलईडीमध्ये तार नाही. दोन वेगळ्या गुणांच्या अर्धवाहकांचा एक सूक्ष्म तुकडा असतो. वीज त्यांच्या सांध्यावरून एकाच दिशेने जाते, आणि जाताना तेथेच प्रकाश सुटतो. प्रकाशाचा रंग त्या पदार्थावर ठरतो. १९६२ मध्ये अमेरिकेत निक होलोन्याक ह्यांनी डोळ्याला दिसणारा लाल दिवा केला. लाल झाला, पुढे हिरवा झाला. निळा मात्र तीस वर्षे कोणाला नीट साधेना, आणि निळ्याशिवाय पांढरा होत नाही. तो उजळपणे साधला १९९३ मध्ये जपानात, तोकुशिमा येथील निचिया ह्या कारखान्यातील शुजी नाकामुरा ह्या नोकराला. नोकराला म्हणतो ते मुद्दाम. त्या शोधाबद्दल कारखान्याने त्यास बक्षीस दिले वीस हजार येन, म्हणजे एखाद्या दिवाळीच्या बोनसाएवढे. पुढे नाकामुरा कोर्टात गेले. २००४ साली टोकियोच्या न्यायालयाने दोन हजार कोटी येन देण्याचा निवाडा दिला आणि २००५ मध्ये सुमारे ८४ कोटी येनांवर तडजोड झाली. २०१४ चे नोबेल पारितोषिक आकासाकी, आमानो आणि नाकामुरा ह्या तिघांस मिळाले. विषयांतर झाले, पण आमच्यासारख्याला ही हकीकत गाळणे जमणार नाही.

आज घरात जळतो तो पांढरा एलईडी म्हणजे निळाच दिवा असतो. त्यावर पिवळसर लेप दिलेला असतो. निळ्या उजेडाचा काही भाग त्या लेपातून पिवळा-तांबडा होऊन बाहेर पडतो आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरे दिसते. मग रोपांसाठी जांभळा कशाला विकतात? पानातले हरितद्रव्य काढून काचेच्या नळीत तपासले, तर ते लाल व निळा प्रकाश शोषते आणि हिरवा बराचसा सोडून देते. ह्यावरून कोणी ठरविले की हिरवा फुकट, लाल-निळाच द्या. पण नळीतले हरितद्रव्य आणि जिवंत पान एक नव्हे. मॅक्री नावाच्या शास्त्रज्ञाने अनेक पिकांची पाने घेऊन केलेली मोजणी १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत हिरव्या प्रकाशावरही पाने चांगले काम करतात असे दिसले. सूर्य काही जांभळा नाही. जांभळा दिवा निरुपयोगी आहे असे आमचे म्हणणे नाही. लाल मणी विजेच्या मानाने बरे काम देतात. परंतु त्या उजेडात पानाचा खरा रंग कळत नाही, आणि रोग उघड्या डोळ्यांसमोर पसरत असता कळत नाही. आमच्या रोपांना मर लागली होती ती आम्हांस सकाळी बाहेर नेल्यावर दिसली. तेव्हा पांढरा घ्यावा. पाहणाऱ्याच्या डोळ्यांचीही काही किंमत आहे.

किती उजेड लागतो, हा खरा प्रश्न, आणि येथे डोळा साफ खोटे बोलतो. भर उन्हात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. संध्याकाळी ट्यूब लावलेल्या खोलीत असतो दोनशे-तीनशे. डोळ्याला दोन्ही ठिकाणी वर्तमानपत्र वाचता येते, म्हणून फरक जाणवत नाही. रोप मात्र उजेडावरच जेवते. त्याला तीनशे लक्समध्ये ठेवणे म्हणजे हजेरी लावून पगार न देणे. शिवाय लक्स हे माप माणसाच्या डोळ्यासाठी केलेले. रोपाचे माप निराळे. पानावर प्रकाशाचे कण पडतात, आणि किती कण पडले त्यावर पानाचे काम ठरते. नारळ जसे शेकड्याने मोजतात, तसे हे कण मायक्रोमोलने मोजतात. एका मायक्रोमोलात एकावर सतरा शून्यांच्या सहापट कण. एका चौरस मीटरवर दर सेकंदाला भर उन्हात सुमारे दोन हजार मायक्रोमोल पडतात. पावसाळी दाट ढगांखाली त्याचा पाचवा-दहावा हिस्सा उरतो, आणि मांगराच्या आत जवळपास काहीच नाही. मिरची-वांग्याच्या कोवळ्या रोपाला सवाशे ते दोनशे मिळाले आणि दिवसाचे चौदा-सोळा तास मिळाले, तर ते ठेंगणे व दणकट वाढते.

हे मोजण्याचे यंत्र महाग असते. त्यावर युक्ती अशी, की मोबाइलमध्ये लक्स मोजण्याची सोय मिळते. फोन पानाच्या उंचीवर आडवा, तोंड वर करून धरावा, आणि पांढऱ्या एलईडीखाली जो आकडा येईल त्यास सत्तरने भागावे. नऊ हजार लक्स आले तर सुमारे १३० मायक्रोमोल. फोनाफोनांत फरक पडतो, हे माप सोनाराचे नव्हे. पण तीनशे आणि नऊ हजार ह्यांतला फरक कोणताही फोन सांगतो.

आता बांधणी. मण्याचा एक स्वभाव आधी ओळखावा लागतो. पांढरा मणी सुमारे तीन व्होल्टवर पेटतो. तीनाच्या किंचित वर गेलात की त्यातून जाणारी वीज एकदम वाढते. वीज वाढली की तो तापतो. तापला की तो आणखी वीज ओढतो. आणि असा ओढता ओढता जळतो. त्याला स्वतःचा लगाम नाही. म्हणून त्याला थेट वीज न देता मध्ये ‘ड्रायव्हर’ बसवितात. हा ड्रायव्हर व्होल्ट नव्हे तर प्रवाह ठरलेला ठेवतो. ३०० मिलिअँपियरचा, २४ ते ४२ व्होल्टच्या पल्ल्याचा ड्रायव्हर वीजसामानाच्या बाजारात सहज मिळतो. त्यावर एक वॉटचे बारा मणी एकामागे एक ओवावयाचे. बारा गुणिले तीन आणि थोडे वर, म्हणजे सदतीस व्होल्ट, पल्ल्यात बसते. एका माळेतील सर्व मण्यांतून तोच प्रवाह जातो, रापणीचा एकच दोर सर्वांच्या हातातून जावा तसा. अर्थात एका मण्याने हत्यार खाली ठेवले की बाराही बंद. संघटनेच्या दृष्टीने हे आम्हांस आवडले. दुरुस्तीच्या दृष्टीने त्रासदायक आहे. ड्रायव्हर बंद करून मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर लावावा; चांगला मणी मंदसा उजळतो, मेलेला ओळखू येतो.

मणी अॅल्युमिनियमच्या छोट्या चकतीवर बसविलेले मिळतात. आम्ही चार फुटांच्या अॅल्युमिनियम पट्ट्या घेतल्या. प्रत्येकीवर चार-चार इंचांवर बारा मणी, खाली उष्णता वाहून नेणाऱ्या लेपाचा पातळ हात, आणि दोन बारीक स्क्रू. एलईडी थंड असतो ही समजूत चुकीची आहे. तो पुढे तापत नाही, पाठीमागे तापतो. निम्म्याहून अधिक वीज अजूनही उष्णताच होते, आणि ती पट्टीत उतरली नाही तर मणी वर्षभरात मंद होतो. तासभर पेटल्यावर पट्टीच्या पाठीवर बोट पाच सेकंद ठेवता आले तर ठीक. ठेवता येत नसेल तर पट्टी रुंद घ्या. चार बाय दोन फुटांच्या फळीवर, तीन-तीन इंचांवर, अशा आठ पट्ट्या बसल्या. मण्यांत जाणारी वीज ८८ वॉट, ड्रायव्हरांची घट धरून मीटरवर शंभर. पानांवर भरले नऊ हजार लक्स. सामान अडीच-तीन हजारांच्या आत आले. डाग देण्याचे काम बायकांनीच शिकून घेतले. सुरीने काजूगराची साल काढणारा हात. त्यांचा एकेक टाका आमच्यापेक्षा नीट बसला.

ज्यांना डाग देणे नको, त्यांनी बाजारातील २० वॉटच्या पाच तयार ट्यूबा शेजारी-शेजारी टांगाव्यात. काम तेच होते. ह्यात कमीपणा नाही.

पण झटक्याचे काय? हा भाग घाईने वाचू नये. स्वस्त ड्रायव्हरांत दोन जाती असतात. एकीत आत छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, आणि येणारी २३० व्होल्टची वीज व मण्यांकडे जाणारी वीज ह्यांचा प्रत्यक्ष संबंध तुटलेला असतो. दुसरीत तो तुटलेला नसतो. मण्यांच्या बाजूस व्होल्ट कमी दिसले तरी हात लावणारा थेट खांबावरच्या विजेशी जोडला जातो. त्या बाईस झटका बसला तो ह्यामुळे, आणि चौकटीला अर्थिंग नव्हते ह्यामुळे. तेव्हा ड्रायव्हर संबंध तुटलेला, म्हणजे ‘आयसोलेटेड’ असाच मागावा, त्यावर बीआयएसचा नोंदणी-क्रमांक पाहावा, प्रत्येक धातूची चौकट अर्थिंगला जोडावी आणि त्या फळीच्या जोडणीवर तीस मिलिअँपियरला तुटणारा आरसीसीबी बसवावा. ड्रायव्हरच्या अलीकडची जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. मजुरी द्यावी, घासाघीस करू नये. ओल्या हातांनी, शेणाने सारवलेल्या ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून पाणी घालणाऱ्या बाईचे हे काम आहे, हे विसरता कामा नये.

आपल्या किनाऱ्याची आणखी एक पीडा म्हणजे खारा वारा. घाटावर दहा वर्षे टिकणारा डाग येथे दुसऱ्या पावसाळ्यात हिरवा पडतो. प्रत्येक डागावर वॉर्निशचा हात द्यावा, ड्रायव्हर झाकणाच्या डब्यात आणि रोपांपासून दूर, उंचावर ठेवावेत. हे सारे काम चैत्र-वैशाखातच उरकावे. आगोटीची बेगमी करतो त्यातच हीही धरावी. हवेत ओल शिरल्यावर डाग नीट बसत नाही.

रोपांच्या बाजूने सांगावयाचे थोडेच आहे. माती न वापरता सोडणांचा भुसा वापरावा. पण तो गोड्या पाण्याने तीन-चार वेळा धुवून, कारण ताज्या भुशात क्षार असतो. बी उगवेपर्यंत दिव्याची गरज नाही. कोंब दिसला त्याच दिवशी मात्र दिवा लागला पाहिजे; दोन दिवस उशीर झाला की रोप लांबते, आणि लांबलेले पुन्हा आखूड होत नाही. पट्ट्या पानांपासून अर्ध्या हातावर ठेवाव्यात व रोपे वाढतील तशा वर घ्याव्यात. रात्री आठ तास अंधार द्यावा. आमच्या शेजारच्या आजोबांनी पहिल्या वर्षी विचारले होते, “झाडांका रातीची दिवाळी कित्याक?” त्यांचा प्रश्न शहाणपणाचा होता. रात्र किती मोठी आहे हे झाडे मोजतात. फूल धरणे दिवसाच्या लांबीवर ठरते हे गार्नर आणि अॅलार्ड ह्या अमेरिकनांनी १९२० मध्ये तंबाखूवर दाखविले. शेवंतीसारखे झाड तर रात्री थोडा उजेड मिळाला तरी फूल धरणे पुढे ढकलते, आणि पॉलिहाउसवाले ह्याच गुणाचा उपयोग करून हवे तेव्हा फूल आणतात. एक लहान पंखाही हवा. वाऱ्याने देठ जाड होतो आणि मर रोगाला आवडणारी कोंदट ओल हटते. शेवटच्या आठवड्यात रोपे रोज थोडा वेळ पडवीत काढावीत, नाहीतर दिव्याखाली लाडावलेले रोप पहिल्या उन्हातच पोळते.

राहिला पैशाचा हिशेब. चार बाय दोनच्या फळीवर ९८ खळग्यांचे चार ट्रे बसतात, म्हणजे ३९२ रोपे. शंभर वॉट, सोळा तास, म्हणजे दिवसाला १.६ युनिट, पंचवीस दिवसांत ४० युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर चारशे रुपये. रोपामागे एक रुपया नुसता उजेडाचा, वर बी, भुसा, मेहनत आणि मेलेल्या रोपांची घट. ह्यात फायदा दिसतो, पण बोटावर मोजण्याइतका. म्हणून दुसऱ्या वर्षी आम्ही फळ्या मांगरातून काढून पडवीत, पागोळीच्या आत आणल्या. उघाड असेल तेव्हा आकाशाचा उजेड फुकट मिळतो. दिवे झड लागली असता आणि सकाळ-संध्याकाळ तेवढे लावावयाचे. वीज निम्म्यावर आली. जो कोणी तुम्हांस सांगेल की दिव्याखाली रोजच्या भाजीची कोथिंबीर पिकवा आणि बाजाराचा खर्च वाचवा, त्यास हा हिशेब दाखवा. दिवा रोप उभे करण्यापुरता परवडतो. पीक काढावयास सूर्यच हवा.

वीज जाते, त्याचे काय, असे कोणी विचारीलच. मे २०२१ मधील तौक्ते वादळानंतर अनेक गावांनी दिवसचे दिवस अंधारात काढले, ते आम्ही विसरलो नाही. एक-दोन दिवस उजेड नसला तर रोप मरत नाही. त्या काळात पाणी कमी द्यावे, कारण उजेड नसलेले रोप पाणी पीत नाही आणि मुळे कुजतात. त्याहून लांबले तर ट्रे उचलून पडवीच्या कडेला ठेवावेत, एवढाच उपाय आहे. सौर बॅटरीवर हे दिवे चालतात, पण पावसाळ्यात सौर तक्त्यालाही रोपाइतकीच उपासमार होते.

ते जांभळे दिवे आम्ही उतरविले. पैसे परत मिळाले नाहीत. त्यांचे पत्रे व पंखे काढून नव्या फळ्यांना वापरले. गटाची शिल्लक तीन भाद्रपदांत भरून आली. झटका बसलेली बाई पहिल्या वर्षी फळीजवळ येत नसे. आता मीटरची लुकलुकी मोजून दिव्यांची परीक्षा करण्याचे काम तिच्याकडे आहे, आणि गावात कोणी नवा पंखा आणला तरी तो तिला दाखवून घेतात.